आत्याच्या गावचे पाणी



बुद्ध पौर्णिमा झाली, मुलांच्या परीक्षा आटोपल्या, आणि घरोघर निघतो तोच विषय आमच्याही घरात निघाला. कुठेतरी जाऊ या. आमच्या धाकट्याने मोबाईलवर एक चित्र काढून समोर धरले. निळे पाणी, काठाला एकमेकांना चिकटून उभी असलेली पिवळी, गुलाबी, नारिंगी उंच घरे आणि पाण्यात पांढऱ्या होड्या. आम्हाला वाटले, परदेशच. तो म्हणाला, "परदेश नाही, हे आपल्या मुळशीतलं लवासा. पण बनवलंय इटलीसारखं. खरं गाव हे बघा." असे म्हणून त्याने दुसरे चित्र दाखवले. दोन्हींत फारसा फरक नव्हता.

खऱ्या गावाचे नाव पोर्तोफिनो. इटलीच्या लिगुरिया प्रांतात, जेनोआ शहराच्या बाजूला, डोंगर समुद्रात शिरतो तिथे हे चिमुकले बंदर आहे. कायम राहणारी माणसे पाचशेच्या आतच. मूळचे कोळ्यांचे गाव. समुद्रातून परतताना आपले घर लांबून ओळखू यावे म्हणून घरांना रंग देतात, असे त्या किनाऱ्यावर सांगतात. प्लिनी नावाचा रोमन पंडित इसवी सन ७९ साली वारला. त्याने आपल्या ग्रंथात या बंदराचा उल्लेख डॉल्फिन माशांचे बंदर म्हणून केला आहे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. आता तिथे मासेमारी नावापुरती राहिली आहे. श्रीमंतांच्या खाजगी बोटी लागतात आणि एका कप कॉफीला आपल्याकडचे दोन दिवसांचे किराणा सामान येईल एवढे पैसे पडतात. गर्दी इतकी, की २०२३ साली तिथल्या नगरपालिकेने काही जागा ठरवून दिल्या आणि तिथे फोटोसाठी रेंगाळणाऱ्याला २७५ युरोंपर्यंत दंड ठेवला. बाजूच्या डोंगराआड सान फ्रुत्तुओसो म्हणून जुना मठ आहे. तिथे मोटार जात नाही, होडीने किंवा पायवाटेने जायचे. मठाच्या समोर समुद्राच्या तळाशी येशू ख्रिस्ताचा ब्राँझचा पुतळा १९५४ साली बसवला आहे. हात वर केलेला. पाणबुडे खाली जाऊन त्याला फुले वाहतात.

या गावाची नक्कल म्हणून मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी दासवे इथे लवासाची पहिली घरे उठली. पर्यावरणाच्या परवानगीवरून नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने काम थांबवले, वर्षभराने अटींवर परवानगी मिळाली, आणि २०१८ साली कंपनीच दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. रंगवलेली घरे उभी आहेत. त्या डोंगरातल्या कातकरी, धनगर, कोळी कुटुंबांच्या जमिनींचे काय झाले, हा निराळा आणि मोठा विषय आहे. तो दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

धाकट्याला आम्ही म्हटले, "नक्कल पाहायला जायचे तर जाऊ कधीतरी. पण पाणीच पाहायचे ना? डोंगरच पाहायचे ना? मग पवनानगरला चल. आत्या दोन वर्षे मागे लागली आहे."

त्याचे तोंड उतरले. पण आत्या तिथेच बसली होती. तिच्यापुढे आमच्या घरात कोणी बोलत नाही.

आमच्या या आत्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. ती पवन मावळातली. म्हणजे आमचे घराणेच तिथले. आता जे पवना धरण दिसते त्याच्या पोटात आमचे गाव गेले. धरण १९७२ साली पुरे झाले. त्याच्या आधी काही वर्षे गाव उठले तेव्हा आत्या परकर-पोलक्यात होती. आमचे वडील त्यापूर्वीच खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले होते, म्हणून आम्ही शहरात वाढलो. आत्या लग्न होऊन तळेगावच्या बाजूला गेली. पण आमच्याकडे आली की स्वयंपाकघरात शिरून पहिल्यांदा नळाखाली तांब्या धरते, घोटभर पिते आणि म्हणते, "आमच्या गावचं पाणी." सुरुवातीला आम्हाला ती थट्टा वाटे. ती थट्टा नाही. पिंपरी-चिंचवडच्या नळाला येणारे पाणी बरेचसे पवना धरणाचेच आहे. धरणातून नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात, निगडीला शुद्ध करतात आणि तिथून ते आपल्या चाळीपर्यंत येते. आत्याच्या अंगणावरून येते म्हटले तरी चालेल.

रविवारी पहाटे पहिली लोणावळा लोकल धरली. बरोबर भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा, कांदे आणि पाण्याच्या चार बाटल्या. आत्याने पांढरे लुगडे नेसले होते. लेण्यावर जायचे तर पांढरेच, असा तिचा दंडक.

देहूरोड स्टेशन आले तशी ती उठून उभी राहिली आणि खिडकीतून हात जोडले. डब्यातल्या दोन-चार जणांनी वळून पाहिले. पाहू देत. याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्या हाताने बुद्धमूर्ती बसवली. मूर्ती रंगूनहून आणलेली. नागपूरची दीक्षा त्यानंतर पावणेदोन वर्षांनी झाली, हे आपली मुले विसरतात. आमचे आजोबा त्या दिवशी पवन मावळातून आणखी काही मंडळींबरोबर चालत आले होते. रात्री निघाले आणि उजाडता पोचले. आजी घरी राहिली, कारण आत्या तिच्या पोटात होती. "मी बी तवा तिथं आसते तर," असे आत्या अजून म्हणते. पुढे तळेगाव लागते. तिथे बाबासाहेबांचा बंगला आहे, तोही कधी सवडीने पाहावा. म्हणजे या एका लोकलच्या रुळावर आपला किती इतिहास बसला आहे पाहा. तिकीट काढून रोज जाणारे आपले हजारो लोक आहेत, पण डोळे मोबाईलमध्ये.

कामशेतला उतरलो. तिथून पवनानगरला एसटी जाते आणि वडापच्या जीपही मिळतात. आम्ही जीप केली आणि वाटेत बेडशाच्या फाट्यावर उतरलो, कारण बेडसे लेणे पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळचे ऊन थेट आत जाते. दुपारी गेलात तर निम्मे लेणे अंधारात.

पायऱ्या चारशेच्या आसपास आहेत. सत्तरीच्या आत्याला वर न्यायचे की नाही यावर खाली जरा वाद झाला. आमच्या सौ. म्हणाल्या, खाली झाडाखाली बसवू, मुलगी थांबेल सोबत. आत्याने काही उत्तर दिले नाही. लुगड्याचा काचा खोचला आणि चालू लागली. दर वीस-पंचवीस पायऱ्यांना बसायची. आम्हीही बसायचो, आणि खरे सांगायचे तर आम्हाला ते बसणे तिच्याइतकेच हवे होते.

वर गेल्यावर लेणे एकदम दिसतच नाही. समोर कातळाची भिंत तशीच सोडलेली आहे. तिच्यामधून अरुंद बोळ. त्या बोळातून दहा-पंधरा पावले आत गेले की समोर एकाएकी पंचवीस फूट उंचीचे खांब उभे राहतात. दोन पूर्ण आणि दोन अर्धे, भिंतीत रुतलेले. त्यांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेले स्त्री-पुरुष. बाई पुरुषाच्या मागे अंग चोरून बसलेली नाही, ऐटीत बसली आहे. आमच्या सौ.नी ते पहिल्यांदा दाखवले. पडवीच्या भिंती वरपर्यंत चैत्यकमानींच्या आणि कठड्यांच्या नक्षीने भरलेल्या. आत चैत्यगृहात साधे आठ कोनी सव्वीस खांब आणि शेवटी स्तूप. बुद्धमूर्ती नाही. हे लेणे दोन हजार वर्षांपूर्वीचे, मूर्ती घडवायच्या आधीच्या काळातले आहे. त्या काळी स्तूपालाच वंदन करीत.

आम्ही त्रिसरण-पंचशील घेतले. आवाज घुमतो. मुलगी लहान आवाजात म्हणत होती तरी छताला लागून परत येत होता. धाकटा प्रथम लाजत होता. नंतर त्यानेही म्हटले.

इथे एक गोष्ट आपल्याच माणसांना सांगायची आहे, राग मानू नये. खांबांवर बाणात अडकवलेले बदाम आणि नावे कोरणारे लोक आपले असोत-नसोत, पण स्तूपाच्या कडेला मेणाचे ओघळ दिसतात ते लावणारे बहुधा आपणच. श्रद्धेनेच लावतो. पण मेण आणि काजळी दगडात मुरते, निघत नाही. पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे, आणि त्याहून अधिक ते आपल्या पूर्वजांचे घर आहे. फुले वाहा, हात जोडा, मेणबत्ती घरच्या मूर्तीपुढे लावा. दुसरे असे, की वर आग्या मोहोळ असू शकते, तेव्हा उदबत्तीचा धूर आणि आरडाओरडा तर मुळीच नको.

बेडशाला तीन शिलालेख महत्त्वाचे आहेत. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची आजी. पडवीतला लेख सांगतो की हे दान नाशिकच्या आनंद शेठीचा मुलगा पुसणक याचे आहे. दुसरा एका लहान स्तूपाजवळचा. गोभूती नावाचे एक भिक्खू होते, अरण्यात राहणारे, भिक्षेवर जगणारे. त्यांच्यासाठी त्यांच्या शिष्याने, आसाळमिताने, तो स्तूप करवला. गुरूसाठी शिष्याने दगडात ठेवलेली आठवण.

तिसरा लेख पाण्याच्या टाक्यावर आहे. तो आत्याला वाचून दाखवल्यावर ती तिथेच बसली. महाभोजाची मुलगी, आपदेवणकाची पत्नी, महारठिनी सामडिनिका हिने हे दान दिले, असा त्याचा अर्थ.

"बाईनं टाकं दिलं?"

"होय आत्या, बाईनं. तिचं स्वतःचं नाव आहे वर."

"आन् कुणी प्यावं, कुणी पिऊ नाय, आसं काय लिवलंय का?"

आम्ही म्हटले, तसे काही लिहिलेले नाही.

आत्या म्हणाली, "मंग आपल्या गावात कुणी लिवलं हुतं?"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. महाडचे तळे १९२७ साली बाबासाहेबांनी खुले केले हे आम्ही भाषणात पन्नास वेळा सांगितले असेल. पण त्यानंतर कित्येक वर्षांनीही आत्या गावच्या विहिरीवर लांब उभी राहायची आणि कोणीतरी वरून ओतील याची वाट पाहायची. दीड-दोन कोसांवरच्या डोंगरात एका बाईने सगळ्यांसाठी दिलेले टाके तसेच भरलेले होते, आणि आपल्याला त्याची वार्ताही नव्हती. लेण्याला गावात पांडवांचे काम म्हणत. आत्याही लहानपणी तेच ऐकत आली होती.

खाली उतरायला वर चढण्याइतकाच वेळ लागला. पुन्हा जीप मिळवून पवनानगरला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते.

पवनानगर म्हणजे मूळ काले गावाशेजारी धरणाच्या कामासाठी वसलेली वसाहत. जुनी माणसे अजून काले कॉलनीच म्हणतात. बाजारपेठ छोटी आहे, पण आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांना सगळे इथेच मिळते. किराणा, बी-बियाणे, दवाखाना, शाळा, वडापाव. शनिवार-रविवारी मात्र रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग. पाण्याकाठी ओळीने तंबू लागलेले असतात. एका रात्रीचे माणशी हजार-बाराशे रुपये, जेवण आणि शेकोटीसकट, कुठे त्याहून जास्त. आत्याला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार मिळतात. तिने तो दर ऐकला आणि तंबूकडे पाहून म्हणाली, "कापडाचंच हाय की." स्थानिक मुलांना या धंद्यातून काम मिळते, हे नाकबूल करण्याचे कारण नाही. आमच्या नात्यातलाच एक मुलगा तिथे स्वयंपाकाचे पाहतो. पण रात्रभर चालणारी दारू आणि कर्णे यांनी काठावरची गावे हैराण आहेत, हेही तोच मुलगा सांगतो.

आणि पाण्याबद्दल. पाण्यात उतरू नका. वरून शांत दिसते, खाली जुनी शेते, बांध, विहिरी, खड्डे आहेत. पाऊल टाकाल तिथे गुडघाभर, पुढच्या पावलाला पुरुषभर. दरवर्षी इथे तरुण मुले बुडतात. पावसाळ्यात तर या सगळ्या भागात जास्त जपावे लागते. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. रविवारच होता. सहलीलाच आली होती.

जेवण आम्ही काठापासून वर एका आंब्याच्या झाडाखाली केले. समोर सगळे दिसत होते. धरणाचा साडेआठ टीएमसीचा साठा, पण मे महिना असल्याने पाणी खूप खाली गेलेले. भोवताली लाल मातीच्या पायऱ्या पडलेल्या, भेगाळलेल्या. एका अंगाला तिकोना, नावाप्रमाणे तीन कोनांचा. दुसऱ्या अंगाला तुंग, भाल्याच्या टोकासारखा. मागे लोहगड आणि विसापूर. लोहगड २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत शिवरायांच्या बारा किल्ल्यांमध्ये गेला, तेव्हा वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले होते. धाकट्याने मोबाईल काढून इटलीचे चित्र आणि समोरचे पाणी शेजारी-शेजारी धरले. काही बोलला नाही. एकदा मात्र म्हणाला, "रंगवलेली घरं नाहीत इथं." आत्या म्हणाली, "व्हती. मातीची व्हती."

मग तिने गाव दाखवायला सुरुवात केली.

तुंगाचे टोक आणि समोरच्या टेकडीची सोंड यांच्यामधून ओळ धरायची. ती ओळ पाण्यात जिथे उतरते तिथे गावठाण. त्याच्या उगवतीला ओढा, ओढ्यापलीकडे आमची वस्ती. वस्ती कधी गावाच्या मावळतीला नसायची का असायची यावर पुस्तकात वाचलेले आम्ही सांगू लागलो, तर म्हणाली, "पुस्तक ऱ्हाऊ दे. आमची उगवतीलाच व्हती." गाव उठले तेव्हा जमीनवाल्यांना जमिनीच्या बदल्यात जमीन मिळेल असे सांगितले होते. त्यातल्या शेकडो खातेदारांचे पुनर्वसन पन्नास वर्षे रखडले, त्यांची आंदोलने आजवर चालली. आमच्या आजोबांची वतनाची जमीन कागदावर कोणाकोणाच्या नावाने कशी होती ते आजोबांनाही नीट ठाऊक नव्हते. एका कार्यालयात ते बारा वर्षे खेटे घालत होते. शेवटी जे मिळाले त्यातून आत्याच्या लग्नाची भांडी झाली. पितळेचा एक डबा अजून आहे, त्यातच त्या दिवशी पिठले होते.

पाणी खाली गेले की मध्यावर एक जुने दगडी देऊळ उघडे पडते. वाघेश्वराचे. आठ महिने पाण्याखाली, उन्हाळ्यात वर. त्या इटलीच्या समुद्रातल्या पुतळ्यासारखेच म्हणायचे, फक्त इथे पाणबुड्याची गरज नाही, मे महिन्यात चालत जाता येते. पुष्कळ लोक जात होते, चपला-बूट घालूनच. दोन पोरे शिखराशेजारी उभी राहून फोटो काढीत होती. आमची मुलेही निघाली. आत्याला म्हटले, चलतेस का, वाट कोरडी आहे.

ती म्हणाली, "लहानपणी आई मला लांबूनच नारळ ठेवायला लावायची. पुजारी काठीनं वढून घ्यायचा. आता देवबी उघड्यावर, पुजारी बी नाय. आता जायचं कशाला?"

ती गेली नाही. आम्हीही गेलो नाही. मुले गेली आणि पाऊण तासाने चिखलाने भरलेले पाय घेऊन आली. धाकटा म्हणाला, आत नुसता गाळ आहे आणि दगड छान आहेत.

खरे म्हणजे त्या दुपारी आमच्या डोक्यात दुसरेच चालले होते, ते लिहावे की नाही असा विचार करीत होतो. पण आपल्या पानावर नाही लिहायचे तर कुठे? ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनालाच, मावळातले शेतकरी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर उतरले होते. पवनेचे पाणी बंद पाइपमधून थेट पिंपरी-चिंचवडला नेण्याची योजना होती. नदी कोरडी पडेल, आमच्या विहिरी आटतील, धरणग्रस्तांना आधी न्याय द्या, असे त्यांचे म्हणणे. गोळीबार झाला आणि तीन जण गेले, त्यांत एक बाई होती. त्या दिवशी आम्ही शहरात होतो आणि आमच्या चाळीच्या नळावर भांडण चालले होते, कारण पाणी कमी दाबाने येत होते. पुढे नोव्हेंबर २०१९ पासून आमच्याकडे दिवसाआड पाणी येऊ लागले. तेव्हा आम्हीच वॉर्डात निवेदन दिले की धरण भरलेले असताना आम्हाला पाणी का नाही? त्या निवेदनावर आमची सही पहिली आहे.

आता सांगा, आम्ही कोणीकडचे? आत्याचे घर बुडाले ते पाणी आम्ही पितो आणि अजून मागतो. चाळीतल्या माणसाचे मागणे खोटे नाही. दोन खोल्यांत सहा माणसे, पाणी भरायला बाईने पहाटे तीनला उठायचे, हे खोटे कसे असेल? आणि मावळच्या माणसाचेही खोटे नाही. शेजारच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली सत्याग्रह झाला, तोही याच प्रश्नावर. शंभर वर्षे झाली. पाणी खाली जाते, वीज खाली जाते, वर राहतो तो डोंगर आणि उठलेला माणूस. त्यातही ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता तो तर मोजणीतच येत नाही. हे आम्ही आत्याला बोलून दाखवले. वाटले, ती रागावेल. ती म्हणाली, "तुमी नाय पिलं तर काय गाव वर येणार हाय? प्या. पर कुणाचं हाय त्ये ठावं ऱ्हाऊ द्या पोरास्नी."

चार वाजता ऊन कलले. परतीच्या जीपला अवकाश होता म्हणून धाकट्याला कार्ला-भाजाबद्दल सांगत बसलो, कारण त्याच्या इटलीचा धागा तिथे जुळतो. मळवली स्टेशनच्या एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. भाजे जुने, बावीस लेण्यांचे. तिथे भिक्खूंच्या अस्थींवर उभारलेल्या चौदा लहान स्तूपांचा समूह आहे आणि त्यांतल्या काहींवर स्थविरांची नावे आहेत. कार्ल्याचे चैत्यगृह देशातले सर्वांत मोठे, १२४ फूट लांब. त्याच्या छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांच्या आहेत. तिथल्या खांबांवर दात्यांची नावे कोरली आहेत. त्यांत वैजयंतीचा शेठी भूतपाल आहे, सुतार आहे, सुगंधी द्रव्ये विकणारा आहे, भिक्खुणी आहेत, आणि धेनुकाकटचे यवनही आहेत. यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेले ग्रीक लोक. व्यापाराला आले, इथे राहिले, आणि एकेका खांबाचे दान देऊन गेले. तो प्लिनी, ज्याने पोर्तोफिनोचे नाव लिहून ठेवले, त्यानेच अशीही तक्रार केली आहे की हिंदुस्थानचा माल घेण्यात रोमचे दरवर्षी पाच कोटी नाणी सोने-चांदीचे धन जाते. त्या व्यापाराची वाट कोकणातल्या बंदरांतून घाट चढून याच मावळातून देशावर जात होती. लेणी त्या वाटेवर आहेत, उगीच डोंगर दिसला म्हणून कोरलेली नाहीत.

धाकटा म्हणाला, "म्हणजे तिकडचे लोक इकडे बघायला यायचे?"

बघायलाच नाही, द्यायलाही, असे आम्ही म्हटले. कार्ल्याला एकवीरेच्या यात्रेची गर्दी टाळून, आठवड्यातल्या मधल्या वारी जायचे असा बेत ठरला. त्या देवळाच्या अगदी कडेला चैत्यगृहाचा सिंहस्तंभ आहे. पुष्कळ लोक नारळ घेऊन त्याच्या समोरून जातात आणि वर पाहत नाहीत.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. लोकलने कामशेत, पुढे एसटी किंवा वडाप. सकाळी नऊच्या आत बेडशाला पोचावे, पाणी बरोबर न्यावे, वर काही मिळत नाही. टाक्यातले पाणी पिऊ नये, आता ते साफ केलेले नसते. संध्याकाळची जीप आधी विचारून ठेवावी. आम्ही विचारली नव्हती, म्हणून दीड तास रस्त्यावर उभे होतो. शेवटी दूध घालून परत चाललेल्या टेम्पोने आम्हाला कामशेतपर्यंत सोडले. आत्या पुढे बसली, आम्ही मागे कॅनच्या मध्ये.

लोकलमध्ये जागा मिळाली. धाकट्याने कॉलेजची वही काढली आणि आत्याला म्हणाला, तुमच्या वस्तीतली घरं सांग एकेक करून, ओढ्यापासून. तो चौकोन काढत गेला, ती नावे सांगत गेली. कोणाचे छप्पर गवताचे, कोणाच्या दारात शेवगा, बाबासाहेबांचा फोटो पहिल्यांदा कोणाच्या घरात लागला, कोणाची म्हातारी ओव्या म्हणायची. तळेगाव येईपर्यंत सतरा चौकोन झाले. अठराव्याला ती अडली. चिंचेजवळचे घर, दाराला निळा रंग, एवढेच आठवत होते. घर कोणाचे ते येईना. तिची धाकटी जाऊबाई त्याच वस्तीतली, ती ऊर्शाला असते. येत्या रविवारी वही घेऊन तिच्याकडे जायचे ठरले आहे.